पुढच्या चाकाची थकबाकी

बँकेत डाव्या हाताच्या अंगठ्याला मान आहे. पायाच्या अंगठ्याला कुठेच कोणी विचारत नाही. सायकल बनवणारे तर नाहीच नाही.

हल्लीच्या नव्या सायकलीवर बसा आणि गल्लीच्या तोंडाशी सावकाश वळा. पायडल पुढे आलेलं, हँडल वळलेलं, आणि नेमकं तेव्हाच चपलेचं टोक पुढच्या चाकाला भिडतं. टायर जाड आणि वर मडगार्ड असेल, तर ही भेट आणखी लवकर घडते. सायकल अडते आणि आपण भाजीच्या पिशवीसकट शेजारच्या रिक्षावर कलतो.

यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं. ‘‘वेगात हँडल इतकं वळतच नाही. सवय होते हो!’’ पहिलं वाक्य खरं आहे. वेगात सायकल कलून वळते, चाक जेमतेम फिरतं. पण पुण्यात सायकल वेगात असते कधी? सिग्नलला, खड्ड्याला वळसा घालताना, दोन स्कूटरींच्या फटीत, म्हणजे जिथे मागे बस गुरगुरत असते तिथेच हँडल पुरतं वळवावं लागतं.

मी कॉमर्सचा माणूस, ढोबळ हिशेबच मांडतो. पायडलचा दांडा 170 मिलिमीटर, पायडलच्या पुढे आलेला चवडा चपलेसकट 100. चाकाच्या रिमचा व्यास 622, त्याचे निम्मे 311. वर 38 चा टायर, मडगार्डचे 12. एकूण 631. दांडा ज्या आसावर फिरतो तिथपासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर लहान फ्रेममध्ये समजा 590. तूट 41!

ही तूट कुणाच्या खात्यात? फ्रेम लहान-मोठी मिळते, चाक मात्र सगळ्यांना एकच. मुलाला त्याच्या मापाचा सदरा आणि वडिलांची विजार, तसला प्रकार. भुर्दंड बुटक्यांना, म्हणजे बहुतेक वेळा बायकांना. चार फूट अकरा इंचांच्या माझ्या मुलीला एका दुकानात सल्ला मिळाला, ‘‘नुसत्या बोटांवर पायडल मारा.’’ ती सायकल घ्यायला गेली होती, भरतनाट्यमच्या परीक्षेला नव्हे.

बरं, उपाय नाही असंही नाही. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या बाईंनी 1985 साली कंपनी काढली आणि लहान फ्रेमला पुढे 24 इंची चाक लावून दाखवलं. आपली जुनी काळी सायकल बघा. चाक 28 इंची, मडगार्ड भरभक्कम, तरी अंगठा सहसा लागत नसे. कारण पुढचा चिमटा ऐसपैस पुढे झुकलेला. आज दांडा 165 चा लावला तर 5 मिलिमीटर सुटतात, 584 च्या रिमचं चाक घेतलं तर 19. टायर बारीक करा म्हणणाऱ्याने आधी आमच्या रस्त्यावरून जाऊन यावं. उरलेले 17 कारखान्यानेच फ्रेम पुढे लांबवून द्यायचे. आणि मडगार्डच्या काड्या ओढ बसताच सुटतील अशा क्लिपा हव्यातच. नाहीतर अंगठ्याने दुमडलेलं मडगार्ड चाकात अडकतं, मग पिशवीतल्या टोमॅटोचं काय होतं ते विचारू नका.

तेव्हा दुकानात मडगार्ड बसवून घ्या, रोजची चप्पल घालून बसा, पायडल पुढे आडवं धरा आणि हँडल वळवा. लागलं आणि दुकानदार ‘‘सवय होईल’’ म्हणाला, तर बिलात मिलिमीटरला शंभर या दराने 4,100 रुपये कमी द्या. त्यालाही होईल.