वाड्याचा गारवा कोणाच्या वाट्याला?

उन्हाळा आला की जुन्या घरांचे गोडवे सुरू होतात. गुण खरेच आहेत. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती ऊन चटकन आत येऊ देत नाहीत. कोकणातले उतरते कौलारू छप्पर पावसाचे पाणी थांबू देत नाही. पण आम्ही विचारतो, हा गारवा कोणाला मिळाला? माती तुडवायला, दगड वाहायला आमचीच माणसे. राहायला मात्र गावकुसाबाहेरची कुडाची खोपटी! हवामान सगळ्यांना एकच, घरांची वाटणी जातीने केली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली, ती उगीच नव्हे.

आज वस्तीत डोक्यावर पत्रे तापतात. रमाई आवास योजनेतून घरकुल मिळाले, तरी पातळ भिंती आणि उघडा स्लॅब असेल तर ते घर की भट्टी? म्हणून आमची मागणी साधी आहे : घरकुलाचा नकाशा त्या-त्या भागाच्या हवेप्रमाणे करा. समोरासमोर खिडक्या, सावलीचा ओटा, ऊन अडवणारे छप्पर द्या आणि त्यासाठी पुरेसा निधीही द्या. गारव्यावर आमचाही हक्क आहे.

जय भीम!