रोवणीच्या दिवसांत पाहुणे येऊ द्या

पेंचच्या गाभा क्षेत्रातली सफारी पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद असते. जिप्सीवाले घरी बसतात, सिल्लारीच्या रस्त्यावरची वर्दळ ओसरते आणि पर्यटनाचा धंदा या दिवसांना मंदीचे दिवस म्हणतो. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या बांध्या पाण्याने भरतात, पऱ्हे उपटून जुड्या बांधल्या जातात आणि बाया ओळीने वाकून रोवणीला लागतात. रामटेक तालुक्यात शेती दाखवायची असेल तर तिचा हंगाम हा आहे, असं माझं ठाम मत आहे. वाघ दिसला नाही तर माणूस हिरमुसला होऊन परततो. रोवणी मात्र पाऊस लागून राहिला की बांधीत दिसतेच.

मी नगरधनच्या बाजूला धान लावते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ कास्तकारी करते. आमच्या भागात पाहुण्यांचा तुटवडा कधीच नव्हता. नागपूर पन्नासेक किलोमीटरवर आहे. गडमंदिराला वर्षभर माणसं येतात, त्रिपुरी पौर्णिमेला यात्रा भरते, खिंडसी तलावावर रविवारी नाव मिळायला थांबावं लागतं. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं वा. वि. मिराशींनी मांडल्यापासून आषाढात संस्कृतप्रेमीही गडावर येतात. ही सगळी मंडळी गाडीच्या काचेतून आमची हिरवी वावरं बघत जातात आणि काचेतूनच बघत परत जातात. त्यांच्या दिवसभराच्या खर्चातला रुपया धान पिकवणाऱ्याच्या घरी येत नाही.

राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यालाही पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. धोरण चांगलं आहे. पण गावात त्याचा अर्थ पोचला तो वेगळाच. कास्तकाराला वाटतं, कृषी पर्यटन म्हणजे चार वातानुकूलित खोल्या, पोहण्याचा तलाव आणि लग्नासाठी लॉन. तसं सांगणारे दलालही रस्त्याकडेच्या वावरांच्या मालकांकडे फिरत असतात. कर्ज काढा, नाहीतर जमीन आम्हाला द्या. मग धुरे मोडतात, बांधी बुजते, तिच्यावर गवताचा गालिचा येतो आणि फाटकावर ‘कृषी पर्यटन’ अशी पाटी लागते. ज्या जमिनीवर वर्षानुवर्षं दाणा पिकला नाही तिथे कृषी कसली? अशा केंद्राची नोंदणी रद्द व्हायला हवी, असं मला स्पष्ट वाटतं.

इटलीने हा प्रश्न फार आधी ओळखला. तिथल्या 1985 च्या कायद्याने ठरवून टाकलं की शेतावर पाहुणे ठेवण्याचा हक्क शेतकऱ्याचा, आणि पाहुणचार शेतीला जोडून चालेल, मुख्य धंदा शेतीच राहील. आपल्याकडे नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी पाहुणे आणि भात दोन्ही एकाच शिवारात सांभाळले. भात बिननांगरणीचं, गादीवाफ्यावर लावायचं त्यांचं एसआरटी तंत्र त्याच शेतावर घडलं आणि राज्यभर गेलं. पाहुण्यांमुळे तिथली शेती मागे पडली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता हिशेब. साध्या धानाचा 2025-26 चा आधारभूत भाव क्विंटलला 2,369 रुपये आहे. एकरी 15 क्विंटल धरले तर हातात येतात साडेपस्तीस हजार, आणि त्यातूनच चिखलणी, खत, रोवणीची व कापणीची मजुरी द्यायची. उरतं काय, ते धान लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण त्याच एका क्विंटलचा 65 किलोच्या आसपास तांदूळ निघतो. तो घरूनच 60 रुपये किलोने गेला तर 3,900 रुपये होतात. भरडाई आणि पिशवी वजा केली तरी फरक मोठा आहे. म्हणून पाहुण्याच्या जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे मी वरकमाई समजते. ज्याने आपल्या हाताने दोन ओळी रोवल्या, तो कुटुंबासह दिवाळीनंतर तांदूळ न्यायला येईल, मिरची आणि तूरडाळही नेईल. शेताची कमाई या गिऱ्हाइकात आहे.

एचएमटी तांदूळ आज शहरात घरोघरी शिजतो. तो शोधला नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी, दीड एकराच्या कास्तकाराने. वाण देशभर पसरला, दादाजींच्या घरची ओढाताण मात्र 2018 मध्ये ते जाईपर्यंत संपली नाही. खाणारा आणि पिकवणारा यांची कधी गाठच पडत नाही, तिथे असंच होतं.

ही गाठ घालून द्यायला लागतं फार थोडं. स्वच्छ संडास दोन, आणि यात काटकसर नको. हातपाय धुवायला पाणी, बसायला पडवी, सापाच्या भीतीने गमबूट, जवळच्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर. फवारणी झालेल्या वावरात काही दिवस पाहुणा न्यायचा नाही. जेवायला वडाभात, पाटवडीचा रस्सा, पळसाच्या पानात भाजलेले पानगे. तान्ह्या पोळ्याला शहरातली पोरं लाकडी बैल घेऊन आली तर त्यांना गोठ्यातला खरा बैलही दाखवावा. आणि रामटेकचे जे थोडे पानमळे उरलेत, त्यांत चप्पल काढून जायची रीत पाहुण्यांनीही पाळावी. ते मळे राखणाऱ्या बरई कुटुंबांना दर्शनाचं शुल्क मिळालं तर वेल आणखी काही वर्षं टिकतील.

पण रोवायची बाईने, रांधायचं बाईने, संडास धुवायचा बाईने, आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर म्हणून पैसा जातो त्याच्या खात्यात! हे मला मान्य नाही. रोवणाऱ्या बाया पाहुण्यांना शिकवतील तर त्या दिवसाची मजुरी त्यांना वेगळी आणि जास्त मिळालीच पाहिजे. फोटो काढण्याआधी त्यांना विचारलं पाहिजे. राज्याचं 2023 चं ‘आई’ धोरण महिलांच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा देतं, पण व्यवसाय तिच्या मालकीचा असावा लागतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली होती. आमच्या तालुक्यातल्या पुरुषांनी पाटी लावण्याआधी तेवढं करावं. जिच्या नावे जमीन नाही, जी ठेक्याने वावर करते, तिला बचत गटामार्फत नोंदणीची सोय सरकारने द्यावी.

आणि हे सगळं वेळेत व्हावं. मे संपायच्या आत तालुक्याच्या ठिकाणी शिबिर लावून अर्ज भरून घ्या, जागा पाहून जा, प्रमाणपत्र जूनमध्ये हातात द्या. दिवाळीला मिळालेल्या प्रमाणपत्राचा धानवाल्याला उपयोग नाही, तेव्हा कापणी सुरू झालेली असते.