इंजिन नंतर, आधी पाइप

टर्बाइनवर उडणारे मॉडेल जेट घेऊन कोणी मैदानावर आला की त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती न्यूटनचं आहे?" सोयरिकीत मुलाचा पगार विचारावा तसा. दुसरा प्रश्न वेगाचा, तिसरा किमतीचा. विमानाच्या पोटातून शेपटीपर्यंत गेलेल्या स्टीलच्या नळकांड्याबद्दल कोणी विचारत नाही. माझे मत विचाराल तर पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच हवा. आणि कोणी मोठे इंजिन घ्यायला निघाला असेल, तर त्याला मी सांगतो: बाबा रे, आधी पाइपचे बघ, मग इंजिनचे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ही खरीखुरी जेट इंजिने असतात, फक्त आकाराने दुधाच्या बरणीएवढी. १९८०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या घरी असे इंजिन बनवले, आणि त्याचे हवा दाबणारे चाक चक्क प्लायवूडचे होते, वरून कार्बन फायबरने बांधलेले! आज तयार इंजिने विकत मिळतात. १०० न्यूटनचे इंजिन, म्हणजे साधारण १० किलो वजन तोलून धरेल एवढा रेटा देणारे, मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेते. दर सेकंदाला सुमारे पाव किलो हवा गिळते आणि ती मागून ताशी दीड हजार किलोमीटरच्या घरातल्या वेगाने फेकते. जाळते काय, तर केरोसीन, म्हणजे आपले रॉकेल, त्यात बेअरिंगसाठी थोडे तेल मिसळून. बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान ५०० ते ७०० अंश सेल्सिअस.

आता हे इंजिन विमानाच्या शेपटीत बसवता येत नाही, कारण मग गुरुत्वमध्य मागे जातो. म्हणून ते पंखांच्या जवळपास, पोटात बसवतात. तिथून शेपटीपर्यंतचा हातभर प्रवास त्या तापलेल्या वायूने लाकूड, फायबर ग्लास आणि इपॉक्सी यांच्या मधून करायचा. घरी हात घालून बनवलेल्या कामात जे साधे इपॉक्सी वापरतात ते ६०-८० अंशांनाच नरम पडायला लागते. एवढ्यावरून त्या पाइपची जबाबदारी ध्यानात यावी.

पण पाइप फक्त धुराडे नाही, हे पुष्कळ जुन्या खेळाडूंच्याही लक्षात येत नाही. पाइपचे पुढचे तोंड कर्ण्यासारखे पसरट असते, आणि इंजिन व ते तोंड यांच्यामध्ये मुद्दाम काही सेंटिमीटरची फट सोडलेली असते. नवख्याला वाटते की हे नीट जोडायचे राहून गेले. तसे नाही. इंजिनातून सुसाट निघालेला झोत त्या फटीतून आजूबाजूची गार हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. गॅसच्या शेगडीचा बर्नर पाहा. बारीक छिद्रातून गॅस जोरात सुटतो आणि शेजारच्या भोकातून हवा स्वतःहून आत खेचली जाते. तत्त्व तेच. वाफेच्या इंजिनांत वाफेचा झोत धुराड्यात सोडून भट्टीचा ओढा वाढवत, तेही हेच. या ओढलेल्या हवेमुळे इंजिनाचे अंग गार राहते, आणि पाइपच्या भिंतीला लागून गार हवेचा एक थर तयार होतो. पंखा नाही, मोटर नाही, फुकटातला वातानुकूलक!

आता कोणी १००च्या जागी १४० न्यूटनचे इंजिन बसवले. बाहेरून मापे जवळपास सारखी, पट्टे तेच, इंधनाची नळी तीच. पाइपही तोच ठेवला. वायूचा ओघ मात्र जवळजवळ त्याच प्रमाणात वाढला. केवळ ओघाचा हिशेब केला तर क्षेत्रफळ १.४ पट हवे, म्हणजे व्यास सुमारे १.१८ पट. ८० मिलिमीटरच्या पाइपच्या जागी जवळजवळ ९५ मिलिमीटरचा. (हा पाठच्या पानावरचा हिशेब झाला. खरे माप आणि फटीचे अंतर इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि ते पाळावे.) पाइप अरुंद पडला की झोतच त्याची सगळी जागा खातो, बरोबर यायला निघालेल्या गार हवेला वाट उरत नाही. मग भिंतीजवळचा गार थर पातळ होतो, आणि फार अरुंद असेल तर तापलेला वायू फटीतूनच उलटा पोटात शिरतो. इंजिन तोच गरम वायू पुन्हा गिळते आणि त्याचे तापमान आणखी चढते. म्हणजे पैसे १४०चे मोजले, रेटा तेवढा मिळाला नाही, आणि वर पोटात भट्टी लावली.

याच्या उलट काही उत्साही मंडळी शेपटीकडचे तोंड मुद्दाम आवळतात. बागेतल्या नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी लांब जाते ना, मग इथे का नाही? कारण या इंजिनांच्या मागच्या टोकाला ते "बोट" कारखान्यातच लावून दिलेले असते. वायूला हवा तो वेग तिथे मिळालेला असतो. पुढच्या पाइपने फक्त वाटेत आडवे येऊ नये, एवढीच अपेक्षा. वाटेल तेवढा रुंद पाइपही कामाचा नाही, त्यात झोत पसरतो आणि मंदावतो. थोडक्यात, पाइपला योग्य माप असते, चपलेला असते तसे.

मग सुधारणा करायची म्हणजे काय करायचे? माझ्या मते दोन गोष्टी. एक, इंजिनाला साजेसा व्यास. दोन, एकेरी भिंतीचा पाइप असेल तर तो काढून दुहेरी भिंतीचा. दोन भिंतींमधून गार हवा वाहते आणि बाहेरची भिंत विमानाच्या अंगाला झळ लागू देत नाही. यावर ठरलेला आक्षेप वजनाचा. तो खोटा नाही, म्हणून हिशेबच मांडू. समजा नवा पाइप १५० ग्रॅमने जड आहे आणि ते जादा वजन गुरुत्वमध्याच्या ५० सेंटिमीटर मागे पडते. नाकात ७५ सेंटिमीटर पुढे शिसे ठेवून तोल साधायचा तर १०० ग्रॅम लागेल. एकूण २५० ग्रॅम, म्हणजे अडीच न्यूटन. १४० न्यूटनच्या इंजिनाला अडीच न्यूटनचा हा विमा मला तरी महाग वाटत नाही. पैशाचे म्हणाल तर इंजिनाला दोन-तीन हजार डॉलर मोजणारा माणूस पाइपच्या काही शे डॉलरवर घासाघीस करतो, हे मी कित्येकदा पाहिले आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. मोठा पाइप जास्त हवा ओढतो, आणि ती हवा विमानाच्या पोटात कुठून तरी यायला हवी. आत येण्याच्या वाटा लहान राहिल्या तर पोटात हवेचा दाब कमी होतो, पातळ नळ्या आत दबतात, झाकणे आत खेचली जातात. एक टोक सुधारले की दुसरेही तपासावे लागते.

पाइप बसवतानाही विचार लागतो. स्टील तापले की वाढते. ८०० मिलिमीटरचा पाइप ३५० अंशांनी तापला तर सुमारे पावणेपाच मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोके घट्ट बांधली तर ही वाढ जाणार कुठे? एक तर पाइप फुगून वाकेल, नाहीतर बांधलेली जागा उखडेल. म्हणून एक टोक बांधायचे आणि दुसरे नुसते टेकवायचे. दुसरे म्हणजे पाइपचा रंग वाचायला शिकावे. स्टेनलेस स्टील हवेत तापले की ढोबळमानाने २९० अंशांच्या आसपास फिकट पिवळे, ३९०ला तपकिरी, ४५०ला जांभळे आणि ५४०च्या पुढे निळे पडते. सगळीकडून सारखा पिवळसर पाइप म्हणजे सुखी संसार. एका बाजूला निळा आणि दुसऱ्या बाजूला कोरा असेल तर इंजिन आणि पाइप एका रेषेत नाहीत, झोत भिंतीला घासतो आहे. पाइप आपली तब्येत स्वतः लिहून ठेवतो, आपण वाचायची तसदी घेत नाही.

हे सगळे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितो? आमच्याकडे कॅलिफोर्नियात मे महिन्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. मैदानाभोवतीचे गवत वाळून सोनेरी होते, आणि पाहुण्यांना ते फार सुंदर दिसते. आम्हाला त्यात फक्त काडेपेटी दिसते. रॉकेल साधारण २१० अंशांच्या वर तापलेल्या पत्र्यावर पडले तर ठिणगीशिवाय पेटू शकते. ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना आठवत असेल, बर्नर पुरता तापण्याआधी पंप मारला की रॉकेल वर येऊन कसा भडका उडायचा. इंजिन पहिल्या प्रयत्नात पेटले नाही की न जळलेले रॉकेल पाइपमध्येच साचते. ते तसेच ठेवून दुसरा प्रयत्न केला तर तोच भडका, पण लाकडाच्या पोटात. आमच्या क्लबातल्या एका गृहस्थांनी मोठे इंजिन जुन्या एकेरी पाइपवर बसवले होते. तिसऱ्या उड्डाणानंतर शेपटीच्या मुळाशी रंगाला फोड आले आणि लाकूड बोटाने दबू लागले. चौथ्या उड्डाणाला ते वर गेले नाहीत, हे त्यांचे आणि आमचे नशीब.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना नवलाची वाटेल. अमेरिकेत २०१८ सालच्या कायद्याने हौशी विमान उडवणाऱ्याने मान्यताप्राप्त संघटनेचे सुरक्षा नियम पाळावेत असे ठरवले. म्हणजे बारीकसारीक नियम सरकारी बाबू लिहीत नाही, हौशी लोकच लिहितात. अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ही १९३६ सालची संघटना टर्बाइन उडवणाऱ्याला वेगळा परवाना घ्यायला लावते, आग विझवण्याचे साधन जवळ ठेवायला लावते. विश्वासावर चाललेली ही व्यवस्था आहे, आणि ती मला या देशातल्या चांगल्या गोष्टींपैकी एक वाटते. पण विश्वासाला तडा जायला एकच पेटलेले शेत पुरते. मैदान जाते, शेजारचा शेतकरी दुरावतो, आणि ज्यांनी काही केले नाही अशा साठ जणांचा छंद बंद पडतो. म्हणून "माझे विमान, माझा पाइप, तुम्हाला काय करायचंय" हे म्हणणे मला मान्य नाही.

माझी सूचना साधी आहे. इंजिन बदलले की ते विमान नवे समजावे. पाइपच्या भोवती आतून तापमान दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या लावाव्यात, विमान खुंट्याला बांधून पूर्ण जोरावर चालवावे, मागे वजनकाटा लावून रेटा मोजावा, आणि मग दुसऱ्या कोणाला तरी आत डोकावायला सांगावे. आपल्याच पोराच्या खोड्या आपल्याला दिसत नाहीत, म्हणून दुसरा. अर्ध्या दिवसाचे काम. क्लबांनी हे सक्तीचे केले तरी माझी हरकत नाही. उलट पहिला नंबर माझ्या विमानाचा लावा.

असो. यापुढे मैदानावर कोणी नवे जेट आणले तर न्यूटन जरूर विचारा. पण त्याआधी शेपटीकडे जाऊन वाका, आत बघा, आणि विचारा: "पाइप कुठला, आणि रंग काय आलाय?"