दोन जादा चाके

दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. फेरीबोटीचा उतरता दरवाजा धक्क्यावर टेकला, की मोटारी आत शिरतात. मागे दोन्ही अंगांस जादा चाके जोडलेली स्कूटरही त्याच वाटेने जाऊ शकते. तीवरील पायांनी अधू माणसास कोणी उचलावे लागत नाही. ही चाके पुष्कळदा गावचा कारागीरच बसवितो. अशा कामास ‘जुगाड’ म्हणून हसणे बरे नव्हे. न्यूरेंबर्गच्या स्टेफान फार्फलर या घड्याळजीस चालता येत नसे. १६५५ साली त्याने हातांनी फिरवायची तीनचाकी स्वतःच घडविली. आसन किती उंच हवे, हात कोठवर पोहोचतो, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? पण कचेरीच्या दारी नुसत्या पायऱ्याच असल्या, तर स्कूटरवरून आलेला मनुष्य पुन्हा दुसऱ्याच्या खांद्यावर येतो. तेथला उतार गावानेच बांधावयास हवा.