आजार नसलेल्या माणसाचं औषध

2019 च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेदहा वाजले असतील. कामोठ्यात त्या वेळेला मानसरोवर स्टेशनवरून माणसांचा शेवटचा मोठा लोंढा येतो आणि त्यानंतर एकेका दुकानाचं शटर खाली यायला लागतं. एक मुलगा माझ्या मेडिकलमध्ये आला. आधीची दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत तो प्रोटीन पावडरच्या डब्यांसमोर उगाच उभा राहिला. मग त्यानं मोबाइल पुढे केला. मुंबईतल्या कुणा डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो होता. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन, रोज एक, 30 गोळ्या.

ही दोन नावं मला ठाऊक होती ती एचआयव्हीच्या उपचारातली म्हणून. मी आवाज खाली आणला आणि अगदी मायेनं विचारलं, "किती दिवस झाले कळून?"

तो म्हणाला, "ताई, मला काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून पाहिजे."

"होऊ नये म्हणून ही गोळी कोण घेतं?" मी म्हणाले. तेवढ्यात क्रोसिन मागायला एक काका मागे येऊन थांबले. मुलानं मोबाइल खिशात टाकला आणि तो पावसात निघून गेला. तो पुन्हा कधी दुकानात आला नाही.

औषधांची पदविका घेतलेली बाई मी, तोवर तेरा वर्षं दुकान चालवलेली. त्या रात्री घरी जाऊन वाचत बसले, तेव्हा कळलं की तो बरोबर होता आणि मला माझ्याच धंद्यातली एक मोठी गोष्ट माहीत नव्हती. या औषधाला प्रेप म्हणतात. एचआयव्ही नसलेल्या माणसानं ते आधीपासून घेतलं की विषाणू अंगात शिरला तरी त्याला पेशींत बस्तान बसवता येत नाही. सहा देशांतल्या सुमारे अडीच हजार लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्येच आले होते. गोळ्या नेमानं घेतल्यामुळे ज्यांच्या रक्तात औषध सापडत होतं, त्यांच्यात लागणीचा धोका 90 टक्क्यांहून जास्त घटला होता. अमेरिकेनं 2012 मध्ये या वापराला मंजुरी दिली. मोठा धोका असलेल्या सगळ्यांना प्रेप द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलं. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, म्हणजे नॅकोनं, 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या.

आणि तरीही आज कामोठ्याच्या, कळंबोलीच्या, खांदेश्वरच्या कुठल्याही मुलाला ही गोळी हवी असेल तर ती स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते. आधी चिठ्ठी देणारा डॉक्टर शोधायचा, मग गोळी ठेवणारं दुकान शोधायचं. एचआयव्ही झाल्यावर मात्र सरकार औषध मोफत देतं, 2004 पासून देत आलं आहे, आणि ते फार मोठं काम आहे. पण लागण होण्याआधी हात पसरणाऱ्या माणसाला आपण सांगतो, बाजारात बघ. हे बदलावं एवढ्यासाठी मी लिहिते आहे.

पुढे जे सांगणार आहे त्यात माणसांचे तपशील मी बदलले आहेत. काउंटरवर ऐकलेलं तसंच्या तसं बाहेर नेऊ नये, हे मला कळतं.

त्या मुलानंतर दीड-एक वर्षानं दुसरा आला, मग तिसरा. आता महिन्याकाठी सात-आठ जण येतात. कुणी तळोज्याला शिफ्टमध्ये, कुणी बेलापूरच्या ऑफिसात, एक जण जिममध्ये ट्रेनर. बहुतेक सातारा-सांगली-कोल्हापूरकडून आलेली, एकेका फ्लॅटमध्ये चौघे-पाच जण राहणारी पोरं. या राहण्यातली अडचण मला फार उशिरा समजली. एकाचा मित्र गोळीची बाटली बघून लेबल वाचायला लागला, म्हणून यानं सगळ्या गोळ्या व्हिटॅमिनच्या रिकाम्या डबीत ओतल्या. ही गोळी दमटपणा सोसत नाही. मूळ बाटलीत ओल शोषणारी पुडी असते, झाकण घट्ट असतं. आमच्याकडे खाडीच्या हवेनं मिठाचंसुद्धा पाणी होतं, तिथं त्या डबीतल्या गोळ्यांचं काय होणार? महिनाभर आपण सुरक्षित आहोत असं समजून तो कदाचित निकामी होत चाललेलं औषध घेत होता. तेव्हापासून मी बाटलीचं बाहेरचं लेबल काढून देते, पुडी आत ठेवायला सांगते आणि नाव-मात्रा वेगळ्या कागदावर लिहून देते.

एक तृतीयपंथी मुलगी येते, चोविशीची. मला ताई म्हणते. तिनं एकदा विचारलं, "हार्मोनच्या गोळ्या घेतेय. ही घेतली तर त्यांचा असर जाईल का?" डॉक्टरांना का नाही विचारलंस, म्हटलं. ती म्हणाली, "त्यांनी माझा पेपर बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत पेपर." एवढंच बोलली. मी वाचून, एका परिचित डॉक्टरांना विचारून तिला सांगितलं. प्रेपमुळे हार्मोनचा परिणाम कमी होत नाही, पण तिनं गोळी रोज घ्यायला हवी. संबंधाआधी दोन ते चोवीस तासांत दोन गोळ्या, त्यानंतर चोवीस तासांनी एक आणि आणखी चोवीस तासांनी एक, अशीही एक पद्धत आहे. पुष्कळ मुलं इंटरनेटवर वाचून तीच विचारत येतात. हार्मोन घेणाऱ्यांसाठी ती नाही. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि तिच्या मैत्रिणी तसंच घेत होत्या.

आणि एक गृहस्थ आहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजाराशी संबंधित काम, बायको आणि दोन मुलं. स्वतःला ते समलिंगी वगैरे काहीही म्हणत नाहीत, म्हणणारही नाहीत. कुठल्या फॉर्मवर तसा रकाना असेल तर तो कोरा सोडून उठून जातील. अशा माणसाला गाठायचं असेल तर त्याला ओळख विचारून चालत नाही. काय घडतं एवढंच विचारायचं आणि औषध द्यायचं. त्यांच्या घरातल्या बाईंचा विचार माझ्या मनातून जात नाही. ती गोळी नवऱ्याच्या पोटात जाते, पण ती तिचंही रक्षण करते.

धोका कुणाला किती, याचे आकडे सरकारकडेच आहेत. 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 3.26 टक्के आढळलं, हिजडा आणि तृतीयपंथी व्यक्तींमध्ये 3.78 टक्के. देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे पंधरा पटींहून जास्त. हा आकडा सांगितला की लोक लगेच चारित्र्यावर घसरतात. कारणं शरीरात आणि समाजात आहेत. गुदमार्गाचं अस्तर पातळ असतं, सहज फाटतं, म्हणून तिथून लागण होण्याचा धोका योनीमार्गापेक्षा कितीतरी जास्त. त्यातच हे संबंधांचं वर्तुळ लहान, लपलेलं. एकाला लागण झाली आणि ती वेळेत कळली नाही की ती त्या वर्तुळात फिरत राहते. आणि ती वेळेत कळत नाही, कारण तपासायला जायची भीती. 6 सप्टेंबर 2018 पर्यंत तर हे संबंध कायद्यानं गुन्हाच होते. पुढे चारच दिवसांनी, 10 सप्टेंबरला, एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, नाव फोडायचं नाही, भेदभाव करायचा नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. एकाच आठवड्यात दोन दारं उघडली. पण वर्षानुवर्षं बंद दारापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ते उघडलंय हे कुणीतरी जाऊन सांगावं लागतं.

गोळी घ्यायची इच्छा लोकांना आहे का, असं विचारलं जातं. देशातल्या बऱ्याच शहरांत झालेली आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी मी वाचली. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांपैकी फक्त 8 टक्क्यांनी प्रेपबद्दल ऐकलं होतं. पण घ्यायची तयारी सुमारे दोनतृतीयांश जणांची होती. माझ्या काउंटरवरचा अनुभव याहून वेगळा नाही.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीतले दोन तरणे पुरुष चार वर्षांच्या अंतरानं गेले. दोघेही ट्रकवर होते. घरच्यांनी टीबी सांगितला, आम्हीही टीबीच म्हणत राहिलो. त्यातल्या एकाची बायको पुढे आमच्या घरी भाकऱ्या करायला यायची. ती खोकली की आजी तिला परसात बसवायची. त्या बाईला कसली भीती वाटत असेल, हे मला फार्मसी शिकतानाही सुचलं नाही. तेव्हा देण्यासारखं काही हातात नव्हतं. औषधं होती ती परदेशात, वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरची. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा वर्षाचा उपचार 350 डॉलरला देऊ केला, रोजचा एक डॉलरसुद्धा नाही, आणि जगभरच्या गरिबांचं नशीब पालटलं. त्या कंपनीचा एक कारखाना इथून जवळच, आपल्या रायगडात पाताळगंगेला आहे. सांगायचं एवढंच की ही औषधं आपल्याला परकी नाहीत. जगाला स्वस्त औषध पुरवणारी माणसं आमच्या शेजारी राहतात, सकाळी कंपनीच्या बसनं कामाला जातात.

आमच्या भिशीत मी हा विषय काढला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "अगं, गोळी दिलीस की मोकाट सुटतील." मी तिला विचारलं, संबंधानंतर घ्यायची गर्भनिरोधक गोळी मी रोज विकते, त्याबद्दल तू कधी असं म्हणालीस का? ती विचारात पडली, पण पटलं असं म्हणाली नाही, आणि मीही ताणलं नाही. तिची भीती अगदीच निराधार नाही. प्रेपनं सिफिलिस थांबत नाही, गोनोरिया थांबत नाही, कंडोम लागतोच. पण प्रेप सुरू करण्याआधी एचआयव्ही, कावीळ-बी आणि मूत्रपिंडाची तपासणी करावी लागते आणि मग दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची. जो माणूस एरवी दहा वर्षांत दवाखान्याची पायरी चढला नसता तो वर्षातून चार वेळा रक्त देतो, आणि दुसरा काही आजार असेल तर तो तिथं सापडतो. कावीळ-बी तपासल्याशिवाय तर ही गोळी घेऊच नये. तीच गोळी त्या विषाणूलाही दाबून ठेवते आणि अचानक बंद केली तर यकृत बिघडू शकतं. पोरं मित्राच्या बाटलीतल्या गोळ्या उसन्या घेतात, त्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

खर्चाचंही बोलते. बाटली महिन्याला हजार ते दोन हजारांना पडते, कंपनीवर अवलंबून. तपासण्या वेगळ्या. पंधरा-अठरा हजार पगाराचा मुलगा भाडं, खानावळ आणि गावी पाठवायचे पैसे काढून हे किती महिने चालवेल? दोन महिने घेतो, तिसऱ्या महिन्याला सोडतो. मला वहीतून कळतं. सरकारसाठी हिशेब सरळ आहे. एका माणसाला लागण झाली की त्याचा आयुष्यभराचा उपचार सरकारलाच करायचा आहे. प्रेप मात्र धोक्याचा काळ असेल तेवढाच लागतो.

म्हणून पनवेल महापालिकेकडे आणि राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीकडे माझं मागणं आहे. गोळी आणि तपासणी मोफत द्या, आणि ती नागरी आरोग्य केंद्रात द्या, जिथं माणूस खोकल्यासाठीही येतो. वेगळ्या पाटीच्या खोलीत पाठवू नका. आठवड्यातून दोन दिवस तरी केंद्र संध्याकाळी उघडं ठेवा, कारण शिफ्टमधल्या माणसाला सकाळी दहाची ओपीडी म्हणजे एक खाडा. तिथं तृतीयपंथी समाजातली एखादी प्रशिक्षित व्यक्ती पगारावर बसवा. मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून, पुण्यात समपथिक ट्रस्ट 2002 पासून या लोकांमध्ये काम करत आहे. कसं बोलायचं हे त्यांच्याकडून शिकता येईल. आणि आमच्यासारख्या औषध विक्रेत्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. मला ते 2018 मध्ये मिळालं असतं तर तो मुलगा रिकाम्या हातानं गेला नसता.

आता वर्षातून दोनदाच घ्यायचं इंजेक्शन आलं आहे, लेनाकापाविर. अमेरिकेत जून 2025 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. त्याची स्वस्त आवृत्ती बनवायचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे. हैदराबादच्या दोन कंपन्यांनी 2027 पासून वर्षाला 40 डॉलर, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास, ही किंमत ठरवली आहे. बाटली लपवायची नाही, लेबल नाही, रूममेट नाही. आमच्या पोरांसाठी याहून सोयीचं काही मला सुचत नाही. पण ते इंजेक्शन कामोठ्यापर्यंत पोचेल ते आज गोळीसाठी केलेल्या वाटेनंच. ती वाट आत्ता करायला हवी.

तोवर, ज्यांना आज गरज आहे त्यांच्यासाठी: 1097 हा मोफत फोन आहे. आणि धोक्याचा प्रसंग आधीच घडून गेला असेल तर 72 तासांच्या आत डॉक्टरकडे जा. 28 दिवसांचा वेगळा कोर्स असतो, तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा.

दुकानातल्या कालनिर्णयावर मी काही तारखांवर पेन्सिलनं ठिपका देते. नाव नाही, नंबर नाही. त्या दिवशी कुणाची तरी तीन महिन्यांची तपासणी असते आणि नवी बाटली न्यायची असते. या गुरुवारी जिमवाल्या मुलाचा ठिपका आहे. मागच्या वेळी पैसे कमी पडले म्हणून तो आला नव्हता. बाटली मी मागवून ठेवली आहे. त्याची शिफ्ट दहाला सुटते, त्यामुळे गुरुवारी शटर साडेदहाला ओढेन.