अमेरिकेचा सूर्य मावळतो आहे काय?

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात जे विषय निघतात, त्यांत अमेरिका हटकून असते. कुणाचा मुलगा तेथे नोकरीत असतो, कुणाची मुलगी शिक्षणासाठी गेलेली असते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने भारतीय मालावरील आयात कर पन्नास टक्क्यांवर नेला आणि पुढच्याच महिन्यात नव्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हा या गप्पांना कडवट धार आली. ‘या महासत्तेचे दिवस आता भरले’ असे म्हणणाऱ्यांच्या सुरात थोडी भीती असते आणि, खरे सांगायचे तर, थोडा आनंदही असतो. भीती आणि आनंद दोन्ही क्षणभर बाजूला ठेवून या प्रश्नाकडे पाहावे, असे आम्हांला वाटते.

अमेरिकेला रोमच्या आरशात पाहण्याची सवय त्या राष्ट्राच्या जन्माइतकीच जुनी आहे. इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील ग्रंथाचा पहिला खंड १७७६ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अमेरिकी वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले. आपल्या वरिष्ठ सभागृहाला त्यांनी सिनेट हे रोमन नाव दिले, तर संसदभवनाला रोममधील कॅपिटोलीन टेकडीचे. ज्याने रोमचे नाव घेतले, त्याला रोमच्या अंताची आठवण करून देणारे भेटणारच.

मग रोमचा अंत नेमका कशाने झाला? १९८४ साली आलेक्झांडर डेमांड्ट या जर्मन इतिहासकाराने आजवरच्या विद्वानांनी सांगितलेली कारणे मोजली, तेव्हा ती दोनशे दहा भरली. गिबन यांनी ख्रिस्ती धर्मालाही दोष दिला होता. पण रोमन साम्राज्याचा पूर्वेकडील भाग तितकाच ख्रिस्ती होता आणि तो १४५३ पर्यंत टिकला. तेव्हा एकाच कारणावर बोट ठेवणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. तरीही काही गोष्टी निर्विवाद आहेत.

पहिली गोष्ट पैशाची. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजुराला दिवसभराच्या श्रमाबद्दल मिळतो तो रोमन देनार प्रभू येशूच्या काळी जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. पुढे सैन्याचा खर्च भागेना, तेव्हा सम्राटांनी चांदीच्या नाण्यांत हिणकस धातू मिसळण्यास सुरुवात केली. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात नाण्यातील चांदी शेकडा पाच भागांच्याही खाली गेली. दुसरी गोष्ट सत्तांतराची. सन २३५ ते २८४ या अर्धशतकात वीसहून अधिक सम्राट झाले आणि त्यांतील बहुतेकांचा शेवट तलवारीने झाला.

तिसरी गोष्ट कमी सांगितली जाते. सन ३७६ मध्ये हूणांच्या भयाने गॉथ लोक डॅन्यूब नदीपाशी आश्रय मागत आले. रोमने त्यांना आत घेतले खरे, परंतु रोमन अधिकाऱ्यांनी त्यांच्या उपासमारीचा बाजार मांडला. कुत्र्याच्या मांसाच्या मोबदल्यात त्यांची मुले गुलाम म्हणून घेतली गेल्याची नोंद तत्कालीन रोमन इतिहासकार अम्मियानुस यानेच केली आहे. दोनच वर्षांनी हेच गॉथ उलटले आणि एड्रियानोपलच्या रणांगणावर सम्राट व्हॅलेन्स मारला गेला. ज्या अलारिकने सन ४१० मध्ये रोम लुटले, तो एके काळी रोमच्याच बाजूने लढलेला होता. सन ४०८ मध्ये रोमन सैन्यात चाकरी करणाऱ्या परकीय सैनिकांच्या बायकामुलांची इटलीच्या नगरांतून कत्तल झाली, तेव्हा ते सैनिक हजारोंच्या संख्येने अलारिकला जाऊन मिळाले. रोमने आपले सेवक स्वतःच्याच हाताने शत्रू केले.

आता अमेरिकेकडे पाहू. तिच्या केंद्र सरकारचे कर्ज ऑगस्ट २०२५ मध्ये सदतीस लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले. २०२४ च्या आर्थिक वर्षात कर्जावरील व्याजाचा बोजा संरक्षणाच्या खर्चाहूनही जड झाला. मे २०२५ मध्ये मूडीज या संस्थेने तिची सर्वोच्च पत एका पायरीने उतरवली. अन्य दोन मोठ्या संस्थांनी ते २०११ आणि २०२३ मध्येच केले होते. वीस वर्षे लढून ऑगस्ट २०२१ मध्ये तिचे सैन्य अफगाणिस्तानातून परतले, तेव्हा काबूलमध्ये पुन्हा तालिबानच होते. त्याच वर्षीच्या ६ जानेवारीला निवडणुकीचा निकाल अमान्य असलेला जमाव कॅपिटोलमध्ये घुसला. ही लक्षणे क्षुल्लक नाहीत.

पण लक्षण म्हणजे मृत्यू नव्हे. १९८७ साली पॉल केनेडी यांनी महासत्तांच्या उदयास्तावरील गाजलेल्या ग्रंथात आवाक्याबाहेर पसरलेल्या लष्करी जबाबदाऱ्यांचा धोका अमेरिकेला दाखवला होता. चारच वर्षांनी कोसळला तो सोव्हिएत संघ. अमेरिकेला मागे टाकील म्हणून ज्याचा बोलबाला होता, तो जपान पुढे मंदीत रुतला. आजही जगाच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा अमेरिकेचा आहे. रोमपाशी नसलेली एक गोष्टही तिच्यापाशी आहे. राज्यकर्ता बदलण्यासाठी तेथे तलवार लागत नाही, मतपेटी पुरते. तेव्हा अमेरिकेचा अस्त जवळ आला आहे, असे छातीठोकपणे सांगणारा इतिहास सांगत नसून भविष्य सांगत असतो.

येथे आम्हांला हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन आठवतात. रोम लुटले गेल्यावर निर्वासितांची गलबते उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. जुन्या देवांना सोडल्यामुळे ही आपत्ती ओढवली, असे मूर्तिपूजक म्हणू लागले. ख्रिस्ती लोकही कमी गोंधळले नव्हते, कारण सम्राट ख्रिस्ती झाल्यापासून रोमचे राज्य आणि देवाचे राज्य यांतील अंतर त्यांना दिसेनासे झाले होते. सन ४१३ च्या सुमारास ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ लिहावयास घेतला आणि चौदा-एक वर्षांत त्याचे बावीस भाग पूर्ण केले. राज्यातून न्याय वजा केला तर राज्य आणि दरोडेखोरांची टोळी यांत काय फरक उरतो, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे. साम्राज्य किती काळ टिकले, यापेक्षा ते टिकण्याच्या लायकीचे होते काय, हा त्यांना खरा प्रश्न वाटला. सन ४३० मध्ये व्हॅण्डल सैन्याचा हिप्पोला वेढा पडला असतानाच त्यांनी देह ठेवला.

योगायोग असा की, ८ मे २०२५ रोजी पोपपदी निवडले गेलेले लिओ चौदावे हे जन्माने शिकागोचे, म्हणजे अमेरिकेतून आलेले पहिले पोप आणि संघाने ऑगस्टीनियन. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये बाल्टिमोर येथे जमलेल्या अमेरिकेतील बिशपांनी स्थलांतरितांच्या सरसकट हद्दपारीला जाहीर विरोध केला. डॅन्यूबच्या काठी जो धडा रोम शिकले नाही, तोच ते आपल्या राष्ट्रापुढे ठेवीत आहेत, असे आम्ही समजतो.

‘बरे झाले, माज उतरला’ असे म्हणणाऱ्या वाचकांना आमचे एक सांगणे आहे. महासत्ता डगमगते तेव्हा तिच्या राजवाड्याआधी गरिबाची झोपडी पडते. रोमच्या पश्चिम साम्राज्यानंतर युरोपच्या मोठ्या भागात साध्या शेतकऱ्याच्या घरावरची कौले आणि चांगली मातीची भांडीदेखील दुर्मीळ झाली, असे उत्खनने सांगतात. आपल्या काळात १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही अमेरिकेची परदेशी मदत यंत्रणा स्वतंत्र संस्था म्हणून बंद झाली. कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेसचा सुमारे निम्मा निधी तिच्याकडून येत असे. त्या कपातीची झळ वॉशिंग्टनला बसली नाही. ती आफ्रिकेतील दवाखान्यांना आणि भुकेल्या मुलांना बसली.

आपल्या वसईकरांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १५३४ पासून १७३९ पर्यंत, दोनशे पाच वर्षे, किल्ल्यावर पोर्तुगीजांचा झेंडा होता. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते राज्य येथून गेले. किल्ल्यातील देवळांचे छप्पर गेले, भिंती उरल्या. मात्र बाहेरच्या गावांतून प्रार्थना थांबली नाही. श्रद्धा राज्याच्या आधारावर उभी असती, तर तीही त्याच वर्षी बुडाली असती.

आपला देशही आज महासत्ता होण्याचे स्वप्न पाहत आहे. स्वप्न पाहण्यात गैर काहीच नाही. परंतु आपण दाराशी आलेल्या परक्याला कसे वागवतो, दुर्बळाला न्याय देतो की नाही, हे प्रश्न रोमला चुकले नाहीत, अमेरिकेला चुकलेले नाहीत आणि आपल्यालाही चुकणार नाहीत. अमेरिकेचा सूर्य केव्हा मावळेल, हे आम्ही सांगू शकत नाही. पण तेथे असलेल्या आपल्या मुलांसाठी जेव्हा आपण प्रार्थना करू, तेव्हा त्याच देशातून हाकलल्या जाणाऱ्या अनोळखी माणसासाठीही एक शब्द उच्चारू या. एवढे मात्र आपल्या हाती आहे.