अयस्कान्त आणि सूर्यकान्त

सूर्याचे किरण पडतांच सूर्यकान्त मणि अग्नि ओकूं लागतो, असा संस्कृत कवींचा संकेत आहे. लोहचुंबकालाही आपल्या पूर्वजांनीं तसेंच गोड नांव दिलें : अयस्कान्त, म्हणजे लोखंडाला प्रिय असलेला. पण या दुसऱ्या मण्याचा प्रकाशाशीं संबंध कोणी जोडला नाहीं. प्रस्तुत लेखकानेंही वर्गांत वर्षानुवर्षें हेंच शिकविलें कीं, चुंबक फार तापविला तर त्याची शक्ति जाते. नुसत्या उजेडानें त्याचें कांहींच होत नाहीं. या विधानाचा उत्तरार्ध आतां सुधारला पाहिजे.

१८४५ सालीं मायकेल फॅरडे यांनीं असें दाखविलें कीं, काचेंतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा चुंबकाच्या योगानें फिरते. मग प्रकाशानें चुंबकत्वाची दिशा कां फिरूं नये?

कंपनाची दिशा म्हणजे काय, हें आमच्या टेमघर-भिवंडीकडच्या वाचकांस मागावरून सहज कळेल. मागावर एक सूत उभें, एक आडवें. प्रकाशाचें कंपनही तसेंच निवडून उभें किंवा आडवें करतां येतें. २०१७ सालीं नेदरलंड्समधील नायमेखेन व पोलंडमधील बियालिस्तोक येथील शास्त्रज्ञांनीं कोबाल्टचा अंश मिसळलेल्या गार्नेट स्फटिकाचा पातळ पापुद्रा घेतला व त्यावर लेसर-प्रकाशाचा एकच स्पंद सोडला. सेकंदाचे एक लक्ष कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाहूनही तो अल्पकाळ टिकणारा होता. तेवढ्यानें पापुद्र्याच्या चुंबकत्वाची दिशा पालटली, व प्रकाश सरल्यावरही ती तशीच राहिली. कंपनाची दिशा बदलून दुसरा स्पंद सोडतांच ती पूर्ववत् झाली.

याचें कारण उष्णता नव्हे. स्फटिकांत चुंबकत्वाला स्थिरावण्याच्या ठराविक दिशा असतात. कोबाल्टच्या अणूंनीं प्रकाश शोषला कीं क्षणभर त्या सोयीच्या दिशाच बदलतात. चुंबकत्व भोंवऱ्यासारखें डुलत निघतें आणि दुसऱ्या दिशेवर जाऊन विसावतें.

यांत आपल्या घरचा संबंध काय? आपलीं छायाचित्रें, बँकांचे हिशेब यांचा मोठा सांठा चुंबकीय तबकड्यांवर असतो. तेथें लिहिण्यासाठीं विजेचा प्रवाह लागतो आणि प्रवाहाबरोबर उष्णता येते. असे सांठे थंड राखण्यास पुन्हा वीज खर्चावी लागते. या पापुद्र्यावर प्रकाशानें लिहितांना उष्णता अत्यल्प होते, हें त्याचें महत्त्व.

अर्थात् घरांतल्या चुंबकावर विजेरी धरून मुलांना कांहीं चमत्कार दिसणार नाहीं. त्याला विशिष्ट स्फटिक व विशिष्ट प्रकाश हवा. म्हणजे माझा धडा खोटा नव्हता. तो फार सरसकट होता. माझे जुने विद्यार्थी हें वाचीत असतील, तर त्यांनीं आपल्या मुलांना शिकवितांना 'कांहींच' हा शब्द तेवढा वगळावा.